जुनी फोर बाय फोर घेतली, ८० च्या पुढे थरथरते. चाकांचं बॅलन्सिंग करूनही फरक नाही, काय बघू?

आधी फुकटातली चाचणी करा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर थरथर सुरू झाली की क्षणभर न्यूट्रल करा. तशीच राहिली तर इंजिन माउंटिंगच्या (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांच्या) नादी लागू नका. दोष चाकांत नाहीतर प्रोपेलर शाफ्टमध्ये (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे ताकद नेणारा गाडीखालचा लांब दांडा). स्टिअरिंग हलत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली जाणवत असेल तर मागची किंवा शाफ्ट.

बॅलन्सिंगवाल्याने रिमच्या आतला सुकलेला चिखल खरवडला होता का? पुष्कळदा रोग तिथेच असतो.

मग इंजिन बंद, चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, आणि खाली जाऊन शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या आकाराचा सांधा) कट्‌कट्‌ असा प्ले (ढिलेपणा) लागला किंवा त्याच्या कपाच्या (बेअरिंगच्या टोपीच्या) कडेला गंजाची लालसर पूड दिसली, तर क्रॉस गेला. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही बाजूंना खुणा करून घ्यायला मेकॅनिकला बजावून सांगा (नाहीतर तो ‘होतंय साहेब’ म्हणून तसाच खोलतो). स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातेरी सांधा) चुकीच्या दातांवर बसला की नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरतेच.

आधीच्या मालकाने लिफ्ट किट (गाडी उंच करणारं सामान) टाकलंय का तेही विचारा. त्याने शाफ्टचा कोन बिघडतो, मग बॅलन्सिंगवर कितीही पैसे घाला, फरक पडत नाही.