मठाबाहेर न पडलेली तेरेझा मिशनऱ्यांची आश्रयदाती कशी?

साताऱ्याहून विचारलेल्या या प्रश्नाचे थेट उत्तर असे, की फ्रान्समधील लिझ्यूच्या संत तेरेझेला हा मान प्रवासासाठी नव्हे, तर मिशनऱ्यांसाठी वाहिलेल्या प्रार्थनेसाठी आणि दुखण्यासाठी मिळाला. पोप अकरावे पायस यांनी 14 डिसेंबर 1927 रोजी तिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने मिशन कार्याची आश्रयदाती, म्हणजे त्या कार्याची पाठराखण करणारी संत, घोषित केले. तिची छापील पत्रे आणि आठवणी वाचल्या की याचे कारण उलगडते. 1888 मध्ये पंधराव्या वर्षी ती कार्मेल या बाहेर न पडता प्रार्थनेत राहणाऱ्या भगिनींच्या मठात गेली आणि 1897 मध्ये क्षयाने चोविसाव्या वर्षी वारली; मात्र शेवटच्या काळात चीनमधील मिशनरी रुलां आणि मिशनरी होण्यासाठी आफ्रिकेला निघालेला तरुण बेलिएर या दोघांशी तिचा बहिणीच्या नात्याने पत्रव्यवहार होता. आजारात तिला रोज बागेत थोडे चालायला सांगितले होते. थकलेली पाहून एका भगिनीने तिला बसायला सुचवले, तेव्हा ती म्हणाली, की दूर कुठेतरी दमलेल्या एखाद्या मिशनऱ्यासाठी मी हे चालणे वाहते आहे. लोणंद-फलटणच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपणाऱ्याला आपणही वारीत धरतोच, त्यामुळे हा विचार आपल्याकडे फारसा परका वाटू नये. मात्र तिला जायचेच नव्हते, असे समजू नये. व्हिएतनाममधील हनोईच्या कार्मेल मठात जाण्याची तिची तयारी होती, ती आजारपणामुळे राहून गेली.