फॉर्म भरला, डेटा गेला कुठे? वाचकांचे प्रश्न

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की या पानावर मंडळांच्या फॉर्मांचे प्रश्न सुरू होतात. माटोळी (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगून केलेली सजावट) स्पर्धा, भजन स्पर्धा, रांगोळी, आणि मंडळात एक तरी कॉलेजचा पोरगा असतोच, त्याला सगळे म्हणतात तुला कॉम्प्युटर येतो ना मग ऑनलाइन कर. ज्यांनी एरर जसाच्या तसा लिहून पाठवला त्यांना आधी घेतलंय. नुसतं "चालत नाही सर" असं लिहिणाऱ्यांना काय सांगणार?

सर, माटोळी स्पर्धेचा फॉर्म केलाय, नाव, वाडा, फोन आणि एक चेकबॉक्स एवढंच. सबमिट केलं की धन्यवादाचं पान येतं पण सर्व्हरवरच्या फाइलमध्ये नुसते स्वल्पविराम पडतात. पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) कोड शंभरदा तपासला. (साखळी)

कोड तपासून काही मिळणार नाही कारण कोड बरोबर आहे. स्वल्पविराम पडतायत ना, म्हणजे स्क्रिप्ट चालली, फाइल उघडली, लिहिलं पण गेलं, फक्त लिहायला काही आलंच नाही. तू पाठवलेल्या फॉर्ममध्ये प्रत्येक इनपुटला आयडी आहे आणि नेम एकालाही नाही. ब्राउझर फक्त नेम असलेले खानेच सर्व्हरला पाठवतो, आयडी हा लेबलला, सीएसएसला, जावास्क्रिप्टला लागतो, सर्व्हरला त्याचं काही पडलेलं नसतं. नेम दे, आणि तिकडे पीएचपीत पोस्टमधून (फॉर्मचा डेटा त्यात येतो) घेताना अक्षर न अक्षर तेच लिही, एकीकडे कॅपिटल आणि दुसरीकडे स्मॉल झालं की परत रिकामं.

पुढच्या वेळी असं झालं तर अंदाज बांधत बसू नको, स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत प्रिंट-आर लावून अख्खा पोस्ट छापून बघ. किंवा एफ-१२ दाब, नेटवर्क टॅबमध्ये ती रिक्वेस्ट उघड आणि पेलोड, म्हणजे पाठवलेला डेटा, बघ. पेलोडमध्येच नाव नसेल तर चूक फॉर्ममध्ये, पेलोडमध्ये आहे पण फाइलमध्ये नाही तर पीएचपीमध्ये. अर्धा शोध तिथेच संपतो.

आणि तुझा तो "गेल्या वर्षी भाग घेतलेला का" चेकबॉक्स, टिक केली नाही तर तो "नाही" असं पाठवत नाही, तो येतच नाही. पीएचपी ८ मग "अनडिफाइन्ड अ‍ॅरे की" म्हणून ओरडतो. दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर लावून डीफॉल्ट दे, गप्प बसेल.

लायब्ररीतल्या पुस्तकात फॉर्मच्या खान्याला नेम दिलं की त्याच नावाचं व्हेरिएबल आपोआप तयार होतं असं दिलंय. मला "अनडिफाइन्ड व्हेरिएबल" येतं. पुस्तक चुकलंय का? (फोंडा)

पुस्तक चुकलेलं नाही, म्हातारं झालंय. तेव्हा रजिस्टर ग्लोबल्स नावाची सेटिंग असायची, तिच्यामुळे हे खरंच व्हायचं. पण त्यामुळे कुणीही पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह अ‍ॅडमिन बरोबर १ असं टाइप करून तुझ्या स्क्रिप्टमध्ये नवीन व्हेरिएबल घुसवू शकायचा, म्हणून २००२ मध्ये ४.२ पासून ती बाय डीफॉल्ट बंद केली आणि २०१२ मध्ये ५.४ ला काढूनच टाकली. फॉर्मची मेथड असेल तसं पोस्ट नाहीतर गेटमधून नाव घेऊन वाच. ते पुस्तक परत कर, आणि लायब्ररीवाल्यांना सांग की हे शेल्फवरून काढा, पोरांचं नुकसान होतंय.

नोंदी एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो. आधी "परमिशन डिनाइड" येत होतं, मित्र म्हणाला ७७७ कर, केलं, चाललं. पण आता फाइलमध्ये कायम शेवटचीच नोंद असते, आधीच्या गायब. परमिशनमुळे का? (पेडणे)

नाही, ते वेगळं दुखणं. तू फाइल डब्ल्यू मोडमध्ये उघडतोयस, त्या मोडमध्ये उघडताक्षणी फाइल रिकामी होते आणि मग लिहायला सुरुवात होते. ए मोड वापर, तो शेवटी जोडत जातो. त्याहून सोपं म्हणजे फाइल-पुट-कंटेंट्स, त्याला फाइल-अपेंड आणि लॉक-एक्स हे दोन्ही फ्लॅग दे. लॉक यासाठी की शेवटच्या तारखेला रात्री एकाच क्षणी दोघांनी सबमिट दाबलं तर दोन नोंदी एकमेकांत मिसळू नयेत.

आता ७७७ बद्दल. आकडे असे वाच: ४ म्हणजे वाचणे, २ म्हणजे लिहिणे, १ म्हणजे चालवणे. पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. ६४४ म्हणजे मालक वाचतो-लिहितो आणि इतर नुसतं वाचतात. तुझा सर्व्हर उबंटूवर आहे, तिथे अपाचे हा वेब सर्व्हर सहसा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वेगळ्या युजरच्या नावाने चालतो, फाइलचा मालक तू, म्हणजे तो "बाकी सगळे" मध्ये आला, म्हणून डिनाइड. ७७७ ने त्याला आत घेतलंस पण त्या मशीनवरच्या प्रत्येकाला पण घेतलंस. डेटाचं एक वेगळं फोल्डर कर, त्याची मालकी त्या युजरला दे, बाकी फाइली परत ६४४ आणि फोल्डर ७५५ वर आण. शेअर्ड होस्टिंगवर असशील तर बहुतेक ठिकाणी पीएचपी तुझ्याच युजरने चालतो, तिथे ७७७ ची गरजच पडत नाही. "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" आलं तर परमिशनला हात लावू नको, तो पाथचा घोळ असतो.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटतेय. तुझी टेक्स्ट फाइल पब्लिक फोल्डरमध्ये आहे, म्हणजे पत्ता टाइप केला की गावातल्या सगळ्यांचे फोन नंबर कुणालाही दिसणार. आजच ती पब्लिक फोल्डरच्या बाहेर एक पायरी वर ने, पीएचपीला तिथूनही लिहिता येतं. हे मी जवळपास दर महिन्याला कुणाला तरी सांगतो.

माटोळीचा फोटो पण अपलोड करायचाय. लहान फोटो जातो, मोबाइलवरचा जात नाही, एरर पण दिसत नाही. (वाळपई)

माटोळीचा फोटो लहान कसा असणार, त्यात आंबाडे, कांगलां, नारळाची पेंड (घड), सुपारीचं शिपटं सगळं दिसायला हवं आणि परीक्षक झूम करून मोजणार. आजकाल मोबाइलचा फोटो ४-५ एमबीचा सहज होतो आणि पीएचपीची अपलोड-मॅक्स-फाइलसाइज मुळात २ एमबी असते. फाइल्स अ‍ॅरेमधला एरर छापून बघ. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे ही मर्यादा ओलांडली, ४ म्हणजे फाइल निवडलीच नाही. पीएचपी डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये मर्यादा १० एमबी कर, पण पोस्ट-मॅक्स-साइज त्याहून मोठी ठेव, ती मुळात ८ असते, आणि ती ओलांडली की गंमत होते, फोटो तर हरवतोच पण नाव, फोन, अख्खा पोस्ट रिकामा येतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. बदल केल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करायला विसरू नको.

फोटोची फाइल त्या माणसाने दिलेल्या नावाने सेव्ह करू नको, आपलं नाव दे. आणि एक्सटेन्शन जेपीजी आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नको, आत खरंच फोटो आहे का ते तपास. (फॉर्मला फाइल पाठवायला लागतो तो एन्कटाइप मल्टिपार्ट दिलायस ना? लहान फोटो जातोय म्हणजे दिला असणार.)

मराठी नावं एक्सेलमध्ये उघडली की चित्रविचित्र अक्षरं दिसतात, आणि डेटाबेसमध्ये नुसती प्रश्नचिन्हं. (डिचोली)

ही दोन वेगळी दुखणी आहेत बाय. चित्रविचित्र अक्षरं म्हणजे डेटा शाबूत आहे, एक्सेल तो चुकीच्या एन्कोडिंगने वाचतोय, डबल क्लिकने उघडू नको, डेटा मेनूतून इम्पोर्ट कर आणि ६५००१ यूटीएफ-८ (मराठी अक्षरं सांभाळणारं एन्कोडिंग) निवड. प्रश्नचिन्हं म्हणजे मात्र डेटा साठवतानाच मेला, ती नावं परत येणार नाहीत, लोकांना परत विचारावं लागेल. टेबल आणि कनेक्शन दोन्ही यूटीएफ-८-एमबी-४ कर, नुसतं टेबल केलंस तर कनेक्शनच्या वाटेवर परत प्रश्नचिन्हं होतील.

फाइलवर डबल क्लिक केलं की पानावर पीएचपीचा कोडच दिसतो. (काणकोण)

डबल क्लिकने ब्राउझर ती फाइल थेट डिस्कवरून उघडतो, मध्ये सर्व्हर नाहीच तर पीएचपी चालवणार कोण? झॅम्प (आपल्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) सुरू कर, फाइल एचटीडॉक्समध्ये टाक आणि लोकलहोस्टने उघड. नंतर खऱ्या सर्व्हरवर चढवलीस आणि "नॉट फाउंड" आलं तर फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल बघ, विंडोज दोन्ही एकच मानतो, लिनक्स मानत नाही.