“पुन्हा तारीख पडली, मॅडम”

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतेच. पाठोपाठ प्रश्न येतो, “केस मागे घेऊ का?”

एक ताई होत्या. दिरानं कोयत्यानं केलेल्या वारामुळे त्यांची दोन बोटं आजही वळत नाहीत. सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांनी घेतलेली त्यांची साक्ष, झाला होता. आरोपीच्या वकिलांच्या उलटतपासासाठी पाच तारखा पडल्या. दरवेळी त्यांचा मुदतीचा अर्ज. ताईंची मजुरी बुडायची आणि आदल्या रात्री झोप लागायची नाही.

मी समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं जाणारी. घटनेपेक्षा तिच्याभोवतीचा आपला आग्रह जास्त छळतो, असं मानते. पण “तारीख पडणारच, स्वीकारा” असं ताईंना सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यांचा निम्मा आग्रह तर कायद्याचाच आहे! साक्षीदार हजर असताना साक्ष न घेता तारीख द्यायची तर खास कारण लेखी नोंदवावं लागतं. वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, हे कारण चालत नाही. जुन्या फौजदारी संहितेच्या कलम ३०९ मध्ये हे होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३४६ मध्ये आहे.

चौथ्या भेटीत विचारलं, “पुकारा झाला तेव्हा कुठे होतात?”

“बाहेर, बाकावर.”

“तारीख कोणी सांगितली?”

“शिपायानं.”

“मग तुम्ही आलात, हे जजसाहेबांना कळलं कसं?”

ताई गप्प. मग पिशवीतून प्लास्टिकची पुडी काढली. पाचही खेपांची एसटीची तिकिटं, घडी घालून. मी बघतच राहिले. तिकिटं जपणारी बाई केस मागे घ्यायला निघालेली नसते. तीन भेटी मी तिच्या थकव्याशी बोलत होते, चिकाटीशी बोलायचं राहूनच गेलं होतं.

मग कामाला लागलो. सकाळीच सरकारी वकिलांना गाठायचं, हजेरी रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, घ्यायला सांगायचं. मुदतीच्या अर्जाला विरोध करा, खर्च आणि भत्ता मागा, असं त्यांना स्पष्ट म्हणायचं. ते दाद देत नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. (हे शिकल्यासवरल्या बायकांनाही ठाऊक नसतं.)

सहाव्या तारखेला पुन्हा अर्ज आला. सरकारी वकील उठून म्हणाले, साक्षीदार सहाव्यांदा हजर आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर उलटतपास झाला.

डॉक्टरांची साक्ष अजून व्हायचीय. परवा ताईंचा फोन: “मॅडम, त्यांना समन्स बजावलं का, हे कुठल्या टेबलावर विचारायचं?”