आधी वैमानिक निवडा, मग किट

तुमचा प्रश्न असा आहे: लढाऊ विमानांची प्लास्टिक मॉडेल्स बनवायला सुरुवात करायची आहे, पहिलं किट कुठलं घेऊ? आणि घरचे म्हणतात तसा हा नुसता खेळ आहे की यात आणखी काही आहे? दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

विमानाचा प्रकार निवडू नका. एक वैमानिक आणि त्याचा एक दिवस निवडा. ‘मिस्टेअर (आपल्या हवाई दलाचं जुनं फ्रेंच लढाऊ विमान) बनवायचंय’ एवढंच ठरवलंत तर डब्यावरचं चित्र बघून रंग लावाल आणि मॉडेल कपाटात जाईल. ‘१९६५ च्या भारत-पाक युद्धात ७ सप्टेंबरला सरगोध्यावर गेलेलं देवय्यांचं मिस्टेअर’ असं ठरवलंत की मात्र प्रश्न थांबत नाहीत. त्या दिवशी विमान चंदेरी होतं की रंगवलेलं? पंखाखाली काय होतं? समोर कोण होतं?

स्क्वॉड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या मूळचे कूर्गचे. आदमपूरच्या क्रमांक १ स्क्वॉड्रनमधून, म्हणजे ‘टायगर्स’मधून, त्या पहाटे विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांच्या नेतृत्वाखाली १२ मिस्टेअर विमानं पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या हवाई तळावर हल्ला करायला निघाली. देवय्या राखीव होते. कुणाचं विमान ऐनवेळी मागे राहिलं तर त्याची जागा घ्यायची, एवढंच त्यांचं काम. ते हल्ल्यावर गेले. परतीच्या वाटेवर त्यांना पाकिस्तानी हवाई दलाच्या फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांच्या एफ-१०४ स्टारफायटरने गाठलं. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान ते. सरळ रेषेत पळून त्याच्या हातून सुटणं मिस्टेअरला शक्यच नव्हतं. देवय्यांनी पळ न काढता त्याच्याशी झुंज घेतली. स्टारफायटरचे पंख अगदी आखूड, त्यामुळे वळण घेताना ते जड पडतं. मिस्टेअरशी गिरक्या घेण्याच्या नादात त्याचा वेग, म्हणजे त्याची सगळी ताकद, कमी झाली. मार बसलेला असतानाही देवय्यांनी ते पाडलं. अमजद हुसेन विमानातून बाहेर पडून वाचले. देवय्या परत आले नाहीत.

आदमपूरला यातलं काहीच कळलं नाही. बरोबरच्या कुणीही ही झुंज पाहिली नव्हती, त्यामुळे देवय्यांच्या नावापुढे ‘बेपत्ता’ एवढंच लागलं. १९७९ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाची बाजू मांडणारं एका ब्रिटिश लेखकाचं पुस्तक आलं आणि त्या सकाळी एका मिस्टेअरने स्टारफायटर पाडल्याचा उल्लेख त्यात सापडला. परत आलेल्यांपैकी कुणीच तसा दावा केला नव्हता. मग उरलं कोण? तनेजांनी पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये, युद्धानंतर २३ वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

मी ही गोष्ट एवढ्या विस्ताराने सांगतोय, कारण आपल्या माणसाचं शौर्य आपल्याला समोरच्या बाजूच्या नोंदींतून कळलं. म्हणून मॉडेल बनवणाऱ्याने दोन्हीकडचं वाचायलाच हवं. उलटंही घडतं. ३ सप्टेंबर १९६५ ला आपले वैमानिक ट्रेव्हर कीलर यांनी नॅट या चिमुकल्या लढाऊ विमानातून पाडलेलं म्हणून जाहीर झालेलं पाकिस्तानी सेबर विमान मार खाऊन, पण आपल्या तळावर परत पोहोचलं होतं. कीलर यांनी त्या आकाशात जे केलं त्याचं मोल यामुळे कमी होत नाही. पण त्या दिवसाचं मॉडेल करताना पेटून कोसळणारं सेबर दाखवणं मला पटत नाही.

देवय्यांचं विमान कराल तेव्हा दोन्ही विमानं एकाच स्केलमध्ये करा. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या आकारात, मिस्टेअर साधारण १८ सेंटिमीटर लांब होतं आणि पंखांचा विस्तार साडेपंधरा सेंटिमीटर. स्टारफायटरची लांबी २३, पण पंख जेमतेम ९. दोन्ही शेजारी ठेवली की वळणाच्या लढाईत कोण का अडचणीत आलं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मिस्टेअरचं मॅचबॉक्सचं जुनं किट अधूनमधून कुणाकडे तरी विकायला निघतं. स्टारफायटर घेताना जपून घ्या: पाकिस्तानकडे ‘ए’ प्रकार होता आणि बाजारात दिसणारी बरीच किटं ‘जी’ प्रकाराची असतात, ज्याची शेपटी जास्त रुंद आहे. ‘सी’ची शेपटी ‘ए’सारखीच, त्यामुळे ‘सी’चं किट मिळालं तर शेपटीचं काम वाचतं.

रंगाचं काम इथे सगळ्यात अवघड. युद्धाच्या सुरुवातीला आपली बरीच विमानं उघड्या धातूचीच होती, हिरवा-तपकिरी रंग घाईघाईने नंतर चढला. चंदेरी रंग काहीही लपवत नाही. फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) दोन अर्ध्या भागांमधली सीम, म्हणजे जोडरेघ, पुट्टीचा खड्डा, पॉलिश पेपरची एक रेघ, सगळं वर येतं. म्हणून शेवटचं घासकाम बारीकात बारीक ओल्या पेपरने करा. त्यावर चकचकीत काळा बेस द्या आणि मग धातूचा रंग पातळ थरांत चढवा. सगळे पॅनल एकाच छटेचे ठेवू नका, खऱ्या विमानावरही ते तसे नसतात. शेपटीकडे, जिथून गरम वायू बाहेर पडतो, तिथला धातू जळका निळसर-तपकिरी. नाकाखालच्या ३० मिमीच्या तोफांच्या तोंडाशी काजळी हवीच, कारण त्या तोफा त्या दिवशी चालल्या होत्या. आपल्या हवाई दलाचं चक्र बाहेरून केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. डिकल (मॉडेलवर चिकटवायचं छापील चित्र) पातळ असेल तर खालची चांदी पांढऱ्यातून डोकावते, तेव्हा आधी खाली पांढऱ्या रंगाची चकती रंगवून घ्या. विमानाच्या क्रमांकाचा पक्का पुरावा हाती नसेल तर अंदाजाने क्रमांक टाकू नका. पालमच्या हवाई दल संग्रहालयात मिस्टेअर उभं आहे. पॅनल, चाकं, कॅनॉपीची (वैमानिकावरच्या काचेच्या झाकणाची) चौकट यांसाठी ते डोळे भरून पाहा. रंगासाठी मात्र संग्रहालयातल्या विमानांवर विसंबू नये, ती पुन्हा पुन्हा रंगवली जातात.

आकार हातात घेतल्यावर काय कळतं याचं आणखी एक उदाहरण नॅटचं. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या तळावर ६ सेबर चालून आली आणि धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना १८ स्क्वॉड्रनच्या फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी नॅट उडवलं. एकटे लढता लढता ते गेले. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. १/७२ चं नॅट हातात घ्या: पंख सव्वानऊ सेंटिमीटर. शेजारी सेबर ठेवा, सोळाच्या आसपास. इतक्या लहान यंत्रात बसून सहा जणांवर जाणं म्हणजे काय, हे मला वाचून जेवढं कळलं होतं त्याहून जास्त ती दोन मॉडेल्स शेजारी ठेवल्यावर कळलं.

मराठी माणसाला फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं नाव माहीत असायला हवं. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई-७ पाकिस्तानातल्या ‘शोरकोट रोड’ या हवाई तळावरच्या हल्ल्यातून परतलं नाही. ढाक्याच्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या यादीत त्यांच्या नावाशी जुळणारं नाव छापून आलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अनेक दशकं त्यांचा शोध घेत राहिल्या. कुणी हे सुखोई बनवलं तर पाटीवर उड्डाणाची तारीख, स्क्वॉड्रन ३२ आणि नाव एवढंच लिहावं. ‘शहीद’ किंवा ‘युद्धकैदी’ यांतलं काहीही लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही असं मला वाटतं.

गोष्टी कुठे मिळतील? संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की पदकांची प्रशस्तिपत्रं मिळतात. तिथून तारीख आणि स्क्वॉड्रन घ्या, मग निवृत्त वैमानिकांच्या आठवणी वाचा, मग पलीकडच्यांच्या.

आता पहिलं किट. चंदेरी विमान तिसरं-चौथं असू द्या. सुरुवात १/७२ च्या हरिकेनने, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाने करा. एअरफिक्स किंवा पोलंडच्या अर्मा हॉबीचं घ्या. सोबत चांगला कटर, पॉलिश पेपर, पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) आणि दोन ब्रश पुरेत, एअरब्रशची घाई नको. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग याच क्रमांक १ स्क्वॉड्रनचे प्रमुख होते, आणि त्यांची विमानं हरिकेन होती. देवय्या सरगोध्याकडे झेपावले तेव्हा हवाई दलप्रमुखही अर्जन सिंगच होते. हिरव्या-तपकिरी कॅमोफ्लाजमध्ये नवख्या हाताची सीम बरीचशी झाकली जाते. फक्त दोन गोष्टी पाहून घ्या. जे विमान निवडाल ते हरिकेनचा टू-बी प्रकार आहे की टू-सी हे फोटोवरून ठरवा, कारण बीला १२ मशिनगन आणि सीला ४ तोफा. आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश चक्रातला लाल ठिपका काढून टाकला होता, जपानी विमानांच्या लाल सूर्याशी गल्लत होऊ नये म्हणून. किटमध्ये युरोपातली लाल ठिपक्याची डिकल्स आली असतील तर ती लावू नका, निळ्या चक्रांचा वेगळा संच मागवा.