प्रश्न तुमचे: चाळिशीतली स्कूटर, सतरा नंबरचा अर्ज आणि चढलेला आवाज

या महिन्यात आलेल्या पत्रांत आयांची पत्रं जास्त आहेत आणि बहुतेकींनी विचारलंय ते एकच: धीर कुठून आणायचा? धीराचं आम्ही सांगू शकत नाही. कुठली पायरी आधी आणि कुठली नंतर, एवढं मात्र नक्की सांगता येतं. बऱ्याचदा अडतं तेही तिथेच.

प्रश्न : वय ४४. मुलीला शाळेत आणि क्लासला सोडायचं म्हणून घरची स्कूटर शिकायला घेतली. यजमान मागे बसून शिकवतात. दोनदा पडले, गुडघा फुटला. आता हँडल धरलं की हात गार पडतात, आणि मुलगीच म्हणते, ‘आई, राहू दे.’ माझ्यात धाडसच नाही का? (सांगली)

धाडस आहे, शिकवण्याचा क्रम उलटा झालाय. ११० सीसीची स्कूटर साधारण १०५ ते ११० किलोची असते. पहिल्याच दिवशी तिच्या मागे आणखी सत्तर किलोचा माणूस बसला, त्यात तो ओरडला की दचकून हलतोही, तर नवख्या हाताला तोल सापडायचा कसा? यजमानांना आधी खाली उतरवा. मैदानावर त्यांची जागा तुमच्या बाजूला, चार हात अंतरावर. बोलायचे शब्दही ठरवून घ्या: ‘सोड’ म्हणजे अॅक्सिलरेटर सोड, ‘थांब’ म्हणजे ब्रेक, ‘समोर’ म्हणजे नजर वर. बाकी सूचना गाडी थांबल्यावर. हे त्यांना जमत नसेल तर शिकवणी दुसऱ्याकडे लावा. बऱ्याच शहरांत ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना स्कूटर शिकवणाऱ्या बायकाच असतात.

आता पहिल्यापासून सुरुवात करा, इंजिन बंद ठेवून. चावी बंद, पण हँडल लॉक झालेलं नाही ना ते बघा. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून दोन्ही मुठी धरा आणि वीस-तीस पावलं गाडी चालवत न्या, वळवा, परत आणा. गाडी तुमच्याकडे किंचित झुकलेली असली की ती मांडीला टेकते आणि सांभाळता येते; पलीकडे कलली की कुणालाच आवरत नाही. मग डबल स्टँड. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांडीवर, उजवं पाऊल स्टँडच्या पट्टीवर, आणि सगळं वजन त्या पावलावर. हातांनी उचलायला गेलात तर कंबर धरेल. पाऊल नीट दाबलं की गाडी आपसूक मागे चढते. वजनाची भीती निम्मी इथेच जाते, आणि ही पायरी जवळजवळ सगळेच शिकवणारे गाळतात.

तिसरी पायरी हलक्या उताराची. सोसायटीचा रॅम्प नको, तो फार तीव्र असतो. मैदानाकडे जाणारा साधा उतार पुरे. इंजिन बंदच. पाय खाली लोंबते ठेवून गाडी सोडायची, नजर वीस फुटांपुढे, आणि डावा ब्रेक हळू दाबत थांबायचं. २०१९ नंतरच्या स्कूटरना डावी लिव्हर दाबली की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, म्हणून शिकताना तीच वापरा. उजवी लिव्हर पुढच्या चाकाची. वाळूवर हँडल वळलेलं असताना ती घट्ट दाबली की पुढचं चाक निसटतं.

मग इंजिन. तुम्ही दोनदा पडलात त्याचं कारण बहुधा उजव्या मनगटात आहे. मूठ धरताना मनगट खाली लोंबलेलं असलं, की घाबरून मूठ आवळताच हात आणखी खाली ओढला जातो आणि अॅक्सिलरेटर उघडतो. गाडी पुढे उसळते, माणूस आणखी आवळतो. लोक म्हणतात ‘हिने घाबरून रेस दिली’. खरं तर ती दिली गेली. उपाय साधा आहे: बसल्यावर मनगट आणि कोपर एका सरळ रेषेत ठेवा, मूठ बाहेरच्या कडेने सैल धरा, दोन बोटं कायम ब्रेकच्या लिव्हरवर. थांबताना आधी अॅक्सिलरेटर पूर्ण सोडायचा, मग ब्रेक, आणि चाक थांबल्यावरच डावा पाय खाली. चालत्या गाडीतून पाय टेकवायची सवय लागली तर घोटा मुरगळतो. इंजिन चालू असताना गाडी ढकलत नेणं कधीच नको. अंगणातले बरेचसे अपघात तसेच होतात.

एका वेळी अर्धा तास पुरे. थकलेला हात चुकीचंच शिकतो. जमिनीवर खडूने रेघ मारा आणि पुढचं चाक त्या रेघेवर लागोपाठ दहा वेळा थांबवता आलं तरच पुढे जा. त्यानंतर इंग्रजी आठचा आकडा, मग गल्ली, मग फक्त डावी वळणं असलेला फेरा. उजवं वळण सगळ्यात शेवटी, कारण त्यात आरसा, इंडिकेटर, हाताचा इशारा आणि समोरची गाडी सगळं एकदम सांभाळावं लागतं. पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट, स्लिपर नको. ओढणी मागे गाठ मारून कुर्त्याच्या आत. पावसाळ्यात झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं निसरडी होतात; त्यांच्यावर ब्रेक मारू नका.

परवान्याचं थोडक्यात. रस्त्यावर यायच्या आधी ‘सारथी’ पोर्टलवरून शिकाऊ परवाना काढा. चाळिशी ओलांडली असल्याने डॉक्टरांचं नमुना १-अ प्रमाणपत्र लागेल. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. या काळात मागे फक्त परवानाधारक शिकवणाराच बसू शकतो, म्हणजे मुलीला क्लासला सोडणं पक्क्या परवान्यानंतरच. तिला हे आत्ताच सांगून टाका. रोज ‘कधी नेशील’ची घाई मागे लागली की चुका होतात.

प्रश्न : सातवीनंतर शाळा सुटली. आता ३६ वर्षांची आहे, मुलगा नववीत गेला. त्याच्याबरोबरच दहावी द्यावी असं वाटतं. घरात सांगितलं तर हसले. कुठून सुरुवात करू? (गेवराई, जि. बीड)

सतरा नंबरच्या अर्जापासून. राज्य मंडळाची दहावी शाळेत न जाता, खासगी विद्यार्थी म्हणून देता येते. किमान पाचवी पास असावं लागतं, तुमची सातवी झालेली आहे. अर्ज ऑनलाइन असतो, आणि फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेसाठी तो आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच सुटतो. मुदत गेली की विलंब शुल्क लागतं, त्यानंतर दारच बंद. म्हणजे मुलाबरोबर बसायचं असेल तर तो दहावीत जाईल त्या जून-जुलैपासून मंडळाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

कागदपत्रांत शाळा सोडल्याचा मूळ दाखला मुख्य. तो हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुय्यम प्रत काढून सोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हे काम आजच सुरू करा, गावाकडच्या शाळेचं जुनं रजिस्टर शोधण्यात महिना सहज जातो. आणि बायकांचं हमखास अडतं ते नावात. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अर्ज दाखल्यावरच्या नावानेच भरा, विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जवळ ठेवा, आणि ज्या शाळेत अर्ज जमा करणार तिथल्या क्लार्कला आधी भेटून हे दाखवा. जन्मतारीखही दोन्हीकडे जुळते का ते बघून घ्या.

त्या शाळेशी संबंध टिकवा. दर विषयाच्या शंभर गुणांत ऐंशी लेखी आणि वीस अंतर्गत असतात. ते वीस गुण शाळा देते: तोंडी, गृहपाठ, विज्ञानाचे प्रयोग. अर्ज भरून थेट परीक्षेला उगवणाऱ्यांचे इथे हातचे गुण जातात. नोव्हेंबरात जाऊन प्रयोगवही आणि तोंडीच्या तारखा विचारा.

अभ्यासात पहिली अडचण हाताची येईल, डोक्याची नंतर. मराठीचा पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. वीस वर्षांत सलग दोन पानं लिहिली नसतील तर तिसऱ्या पानाला बोटं आखडतात आणि येत असलेली उत्तरंही सुटतात. म्हणून पहिल्या दिवसापासून रोज अर्धं पान शुद्धलेखन, दर महिन्याला थोडं वाढवत. पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत, पण छापील घ्या. मोबाइल हातात घेतला की घरातलं कुणीतरी मागून नेतं.

गणितासाठी थेट दहावीचं पुस्तक उघडू नका. आधी सहावी ते आठवीतले अपूर्णांक, ऋण संख्या आणि साधी समीकरणं. बीजगणितात पद्धत बरोबर असूनही चिन्ह चुकल्याने गुण जातात, आणि त्या चुकांचं मूळ या तीन धड्यांत असतं. दहावीत शिरलात की अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी आधी घ्या. बाजारहाट करणाऱ्या बाईला जीएसटीची उदाहरणं वर्गातल्या पोरांपेक्षा लवकर कळतात. भूमितीत रचना हातच्या आहेत: कंपास नीट धरता आला आणि पेन्सिल टोकदार असली की गुण पक्के. एखादा विषय राहिलाच तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते.

गणिताचं फारच दडपण असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा रस्ता आहे. तिथे पाच विषय लागतात, त्यात एक तरी भाषा हवी, गणित घेतलंच पाहिजे असं नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत नऊ संधी. पास झालेले विषय धरले जातात. मात्र पुढे पॉलिटेक्निक किंवा आयटीआयचा विचार असेल तर गणित-विज्ञान सोडू नका. आमचं मत विचाराल तर मुलगा घरात असताना राज्य मंडळच बरं. पुस्तकं तीच, शंका विचारायला माणूस घरातच.

त्याच्याशी एक करार करा. गणित तो तुम्हाला शिकवेल, पण त्याच्या अभ्यासावर ‘बघ, मी सुद्धा करते’ असं एकदाही बोलायचं नाही. ते बोललात की तुमची दहावी त्याच्या डोक्यावरचं ओझं होईल. हसणाऱ्यांना आत्ता काही सांगू नका. हॉलतिकीट आलं की कळेलच.

प्रश्न : मुलगा दुसरीत. रोज संध्याकाळी अभ्यासाला बसवलं की मी ओरडते, कधी हातही उठतो. नंतर रडू येतं. संयम कसा वाढवू? (ठाणे)

आठवडाभर एका कागदावर टिपा: आवाज चढला तेव्हा किती वाजले होते, गॅसवर काय होतं, मुलगा कधी खाऊन बसला होता. बहुतेक घरांत उत्तर सात ते आठच्या मधलं निघतं, कुकर लावलेला आणि मूल भुकेलं. वेळ बदला. शाळेतून आल्यावर आधी पोटभर खाणं, तासभर खेळ, मग अभ्यास, तोही पंधरा-वीस मिनिटं. दुसरीच्या मुलाचं लक्ष त्यापुढे टिकत नाही. गृहपाठ राहिला तर वहीत बाईंना दोन ओळी लिहून द्या.

आवाज चढतोय हे आधी शरीराला कळतं, जबडा आवळतो. तेव्हा ‘मी पाणी पिऊन येते’ म्हणून उठायचं. उठता आलं नाही आणि ओरडून झालंच, तर त्याच संध्याकाळी एकच वाक्य: ‘मी ओरडले ते चुकलं, गृहपाठ मात्र करायचाय.’ त्यापुढे ‘पण तू पण…’ जोडू नका, माफी तिथेच फुकट जाते.

एक तपासून घ्या. मुलगा तोंडी सगळं सांगतो पण लिहायला टाळतो, अक्षरं उलटी काढतो, ओळ सोडून वाचतो, असं असेल तर आधी डोळे आणि कान तपासा. तरीही तसंच राहिलं तर आठ वर्षांनंतर अध्ययन अक्षमतेची चाचणी करता येते. तुम्हाला जवळचं म्हणजे मुंबईतलं सायन रुग्णालय, तिथे त्यासाठी वेगळा विभाग आहे. अशा मुलावर ओरडून काही उपयोग नसतो, कारण अडतंय ते त्याच्या हट्टापायी नाही. आणि तुम्हाला रोजच रडू येत असेल, झोप लागत नसेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मुलगी अकरावीला पुण्यात. सुट्टीला एकटी एसटीने येऊ का विचारते. मीच घाबरते. (कराड)

आधी एकदा तुम्ही सोबत या, पण तिकीट, फलाट, गाडी सगळं तिलाच बघू द्या, तुम्ही गप्प. पुढच्या खेपेला ती एकटी, दिवसाउजेडी पोचणाऱ्या गाडीने. तिला जागा पुढच्या बाजूला, कंडक्टरच्या नजरेत घ्यायला सांगा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा पैसे वाचवायला वडापमध्ये, म्हणजे दाटीवाटीने भरलेल्या खासगी जीपमध्ये बसायचं कारण नाही. सुट्टे पैसे वेगळ्या खिशात, ११२ नंबर पाठ. आणि दर दहा मिनिटांनी फोन करू नका. सुटताना, गाडी जेवायला थांबेल तेव्हा आणि उतरल्यावर असे तीन मेसेज ठरवा. सततच्या फोनने पोचायच्या आधीच तिची बॅटरी संपते, आणि मग स्टँडवर तुम्ही दोघी एकमेकींना शोधत बसता.