जोतं घातलंय, घर कुठाय?

देवगड तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र आलंय. मुलगा यंदा मेकॅनिकल डिप्लोमा झाला. दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. एक, चाकणच्या मोठ्या वाहन कारखान्यात वर्षभराची अप्रेंटिसशिप. दुसरं, पुण्याजवळची इलेक्ट्रिक गाड्यांची स्टार्टअप. पगार महिना २२ हजार आणि वर कंपनीचे शेअर. मुलाचा ओढा दुसरीकडे आहे. कंपनीने पाठवलेली पीडीएफ पत्रासोबत जोडली आहे. तीत एकच प्लॅटफॉर्म आणि त्यावर सहा गाड्या दाखवल्यात. "आमका त्यातला काय कळत नाय. झिलाक पाठवूचा की नको?" असा सरळ प्रश्न आहे. शेवटी दोन उपप्रश्न: यांच्या यादीतला छोटा टेम्पो आंब्याच्या वाहतुकीसाठी आत्ताच बुक करून ठेवावा का, आणि मुलाच्या आईचा, गणपतीत रजा मिळेल का.

स. न. वि. वि.

पीडीएफ दोनदा पाहिली. पहिल्यांदा मीसुद्धा भारावलो. दुसऱ्यांदा चष्मा पुसून पाहिली.

प्लॅटफॉर्म म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. घर बांधताना आपण आधी चिऱ्याचं जोतं घालतो. त्याच्यावर पडवी किती काढायची, माडी चढवायची की मांगर करायचा, ते पुढचं पुढे. इलेक्ट्रिक गाडीत तसं करता येतं, कारण बोनेटखाली इंजिन नाही, मधे गिअरबॉक्स नाही, मागे टाकी नाही. बॅटरी सपाट करून खालच्या तळात बसवतात, मोटर चाकांच्या एक्सलजवळ, आणि वरचा सगळा भाग मोकळा. जनरल मोटर्सने २००२ मध्येच असं सपाट जोतं आणि त्यावर बदलता येणारी बॉडी दाखवली होती. ती हायड्रोजनवरची होती, पण डोकं हेच. आज फोक्सवॅगन, ह्युंदाई हेच करतात. आपल्या महिंद्राने इंग्लो नावाच्या एकाच जोत्यावर बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई अशा दोन गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये आणल्या, आणि त्या चाकणलाच बनतात. तेव्हा तुमच्या मुलाला दाखवलेली कल्पना बनावट असेल, ही शंका आधी मनातून काढा.

आता दुसरी बाजू. तुमच्या गावात जोतं घालून ठेवलेली घरं किती आहेत, मोजा. मुंबईचा पैसा आला, जोतं झालं, नारळ फुटला. मग पैसा आटला. आता दर पावसाळ्यात त्या जोत्यावर टाकळा उगवतो. जोतं घालणारा लबाड नव्हता. वासे, कौलं, दारं-खिडक्या, गिलावा यांचा खर्च जोत्याच्या कितीतरी पट असतो, हे त्याने धरलं नव्हतं इतकंच.

गाड्यांत हेच होतं. जोतं एक असलं तरी प्रत्येक गाडीचा पत्रा दाबायच्या डाय वेगळ्या, काचा वेगळ्या, वजन वेगळं म्हणून ब्रेक आणि स्प्रिंग वेगळे, स्पेअरचा साठा वेगळा. शिवाय प्रत्येक मॉडेलची मान्यता घ्यायला एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या पुण्याच्या संस्थेकडे किंवा तशाच दुसरीकडे चकरा. या पीडीएफमध्ये तर तीनचाकी मालवाहू आणि चारचाकी टेम्पो एकाच जोत्यावर दाखवलेत. सरकारी वर्गवारीत तीनचाकी एल५ मध्ये येते, छोटा टेम्पो एन१ मध्ये. बॅटरीच्या सुरक्षेचे नियमसुद्धा दोघांना वेगळे: तीनचाकीला एआयएस १५६, टेम्पोला एआयएस ०३८. २०२२ मध्ये स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर हे दोन्ही नियम चांगलेच कडक झाले. चौथं चाक आलं की स्टिअरिंग, सस्पेन्शन, चासिसची रुंदी, सगळंच बदलतं. मग "एकच प्लॅटफॉर्म" यात सामायिक उरतं काय? बॅटरीचे मॉड्यूल, कंट्रोलर, चार्जर, कदाचित मोटर आणि सॉफ्टवेअर. तेही थोडंथोडकं नाही. पण ते जोतं नव्हे, चिरे म्हणा.

परदेशातली दोन उदाहरणं मुलाला जरूर वाचायला सांगा. अमेरिकेतल्या कॅनू कंपनीने एकाच जोत्यावर फॅमिली व्हॅन, डिलिव्हरी व्हॅन आणि पिकअप दाखवले होते. नासाला तीन गाड्या दिल्या, अंतराळवीरांना रॉकेटपर्यंत न्यायला. कौतुक खूप झालं. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ब्रिटनची अरायव्हल व्हॅन, बस आणि कार अशा तिन्ही करणार होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या ब्रिटनमधल्या कारभारावर प्रशासक बसले. गंमत म्हणजे अरायव्हलची यंत्रसामग्री विकत घ्यायला पुढे आली ती हीच कॅनू. बुडणाऱ्या होडीचं इंजिन दुसऱ्या बुडणाऱ्या होडीने घ्यावं, तसं.

आणि ज्या टिकल्या त्यांनी काय केलं? बंगळुरूची एथर २०१३ साली सुरू झाली. पहिली स्कूटर गिऱ्हाइकाच्या हातात पडली २०१८ मध्ये. पाच वर्षं एका गाडीला. नंतरही बरीच वर्षं त्याच '४५०' नावाच्या स्कूटरवर घासत बसले आणि फॅमिली स्कूटर रिझ्टा आणली ती २०२४ मध्ये. अमेरिकेतल्या रिव्हियनला स्थापनेपासून पहिली गाडी द्यायला बारा वर्षं लागली. तुमच्या पीडीएफमध्ये चार वर्षांत सहा गाड्या आहेत.

तरीही मी त्या कंपनीला झटकून टाकत नाही, आणि त्याला कारण पान क्रमांक तीनवरचा फोटो आहे. सहापैकी पाच गाड्या संगणकावर काढलेली चित्रं आहेत. नीट पाहिलंत तर चाकांखाली सावलीसुद्धा सारखीच आहे, एकाच बाजूची. पण तीनचाकी मालवाहूचा फोटो खरा आहे. टायरला चिखल आहे, आणि पुढे हिरवी नंबरप्लेट, त्यावर पिवळी अक्षरं. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतात खाजगी इलेक्ट्रिक गाडीला, पिवळी असतात धंद्याच्या गाडीला. म्हणजे ही गाडी आरटीओत नोंदली गेली आहे, म्हणजे तिला मान्यता मिळालेली आहे. एक घर उभं आहे. पाच जोती आहेत, किंवा जोत्यांचे नकाशे. नोकरीचा विचार त्या एका घराच्या बळावर करा. बाकी पाच गाड्या यादीतून खोडून टाका आणि मग विचारा: ही तीनचाकी बनवणारी कंपनी मला पटते का?

मुलाला दिलेलं पद "प्लॅटफॉर्म इंटिग्रेशन असोसिएट" आहे. याचा अर्थ काहीही होऊ शकतो. बॅटरी पॅक जोडणं होऊ शकतो, आणि दिवसभर एक्सेलमध्ये पार्ट नंबर भरणंही. त्याने फोन करून विचारावं: माझा साहेब कोण, मी कुठल्या टेबलावर किंवा कुठल्या बाकावर बसणार, पहिल्या तीन महिन्यांत माझ्या हाताखालून काय जाणार. ऑफिसऐवजी शॉप, म्हणजे गाड्या जोडतात ती जागा, पाहायला मागावी. दाखवायला कां-कूं केलं तर तिथेच उत्तर मिळालं.

शॉपवर गेला की त्याने एक गोष्ट बघावी, जी पुण्यातल्या मुलाला सुचणार नाही. माझा एक जुना विद्यार्थी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी वाहणारी इलेक्ट्रिक तीनचाकी दुरुस्त करायला बसला होता, तेव्हा मी शेजारी उभा होतो. गाडी मधेच बंद पडायची. त्याने हौद्याच्या तळाखालचा कप्लर, म्हणजे वायरींचा जोड, उघडला. आतल्या पिना हिरव्यागार, आणि एकीवर मिठाचा पांढरा थर, नखाने खरवडला की भुगा पडत होता. मासळीच्या पेट्यांतला बर्फ वितळतो, खारं पाणी फळ्यांतून खाली गळतं, आणि खाली काय असतं? जोतं. बॅटरी. बॅटरीच्या पेटीवर आयपी ६७ लिहिलेलं होतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल. पण ती चाचणी साध्या पाण्यातली, आणि पेटीची. रोज ठिबकणाऱ्या खाऱ्या पाण्यात कप्लर किती महिने टिकेल हे त्यातून कळत नाही. तुमच्या मुलाने त्यांना विचारावं: सॉल्ट स्प्रे, म्हणजे खाऱ्या फवाऱ्याची चाचणी, किती तासांची केलीत, कप्लरची केलीत की फक्त पत्र्याची? आणि दुसरं: पूर्ण चार्ज करून आंबोलीवरून खाली उतरलात का कधी? बॅटरी भरलेली असली की उतारावर मोटरकडून मिळणारा ब्रेक जवळपास मिळत नाही, वीज ठेवायला जागाच नसते. सगळा भार साध्या ब्रेकवर. हे ज्याने घाटात अनुभवलंय तो माणूस त्या कंपनीत असेल, तर त्याच्या हाताखाली काम करायला मिळणं २२ हजारांपेक्षा मोठं.

आता माझा कौल. चाकण.

एक वर्ष चालत्या लाइनवर काढलं की बोल्ट किती टॉर्कने आवळला याची नोंद का ठेवतात, एक सुटा भाग नापास झाला तर कुणाकुणाची झोप उडते, एकाच लाइनवरून दोन वेगळ्या गाड्या कशा उतरतात, हे अंगात भिनतं. स्टार्टअपमध्ये ते शिकवायला कुणाला वेळ नसतो. तिथे येणाऱ्याने शिकूनच यायचं असतं. स्टायपेंड पगारापेक्षा कमी पडेल हे मला माहीत आहे, आणि तुमच्या घरी धाकटीचं शिक्षण चालू आहे हेही पत्रात आहे. वर्षभर ओढाताण होईल.

अपवाद एकच. स्टार्टअपने टेस्टिंग, बॅटरी पॅक किंवा फील्ड सर्व्हिस यांपैकी काम ऑफर लेटरवर लिहून दिलं, तर चाकण सोडायला माझी हरकत नाही. कारण ही कामं कंपनी बुडाली तरी हातात राहतात. माझी एक विद्यार्थिनी पुण्यातल्या अशाच एका कंपनीत बॅटरी पॅकच्या बाकावर होती. तीन महिने पगार थकला, मग कंपनीला कुलूप. पण मल्टिमीटर, बीएमएसच्या (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटच्या) नोंदी, कॅन बसवरचे (गाडीतले भाग एकमेकांशी बोलतात त्या तारांवरचे) एरर कोड, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालून काम करायची सवय, एवढं घेऊन ती बाहेर पडली आणि दीड महिन्यात दुसरीकडे लागली. तिच्याच कंपनीतल्या प्रेझेंटेशन बनवणाऱ्या मुलाला बरेच दिवस घरी बसावं लागलं. थकलेला पगार मात्र दोघांचाही बुडाला तो बुडालाच.

शेअरचं लवकर सांगतो. साधारणपणे ते चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही. हिशेबात शून्य धरा. निघाले तर लॉटरी. मूळ मार्कशीट कुणी "ठेवून घेतो" म्हणालं तर देऊ नका, झेरॉक्स द्या. बाँड असेल तर सही करण्याआधी मला पाठवा.

टेम्पो बुक करू नका. मुलगा त्या कंपनीत लागला तरीही नाही. उलट लागला तर मुळीच नाही, घरातले दोन पैसे एकाच होडीत कशाला. तो टेम्पो पान क्रमांक पाचवर आहे आणि त्याच्या चाकांखाली तीच सावली आहे. शिवाय हिशेब बघा. टाटाचा छोटा इलेक्ट्रिक टेम्पो एस ईव्ही २०२२ मध्ये आला तेव्हा त्याची प्रमाणित रेंज, म्हणजे एका चार्जमधली धाव, १५४ किलोमीटर सांगितली होती. देवगडहून वाशी मार्केट चारशेच्या वर. हापूसच्या पेट्या भरून, मे महिन्याच्या उन्हात, कशेडी ओलांडून, वाटेत दोन-तीनदा चार्जिंगला थांबत जाणार? तोवर आंबा गाडीतच पिकायचा. बागेतून गावच्या पॅकिंगपर्यंत किंवा देवगड-कणकवली अशा फेऱ्यांना अशी गाडी उत्तम चालेल, पण ती घ्यायची तर उभी असलेली घ्या, चालवून बघून.

राहता राहिला वहिनींचा प्रश्न, जो खरं तर पहिला असायला हवा होता. अप्रेंटिसला रजेचे नियम असतात, पण लाइन चालू असताना त्या कधी द्यायच्या हे सुपरवायझर ठरवतो, आणि त्या लाइनवर कोकणातला तो एकटाच नसणार. म्हणून त्याने पहिल्याच आठवड्यात अर्ज देऊन ठेवावा, चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून. स्टार्टअपमध्ये रजा पटकन मिळेल, पण फोन आरतीतसुद्धा वाजेल. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. पुणेकरांना कोकणकन्येसाठी आधी पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते, तेव्हा एसटीचाही विचार ठेवा. आणि ऑफर लेटर आलं की फोटो काढून पाठवा, दोन्ही पानांचा. मागच्या वेळी एका गृहस्थांनी पहिलंच पान पाठवलं होतं आणि बाँड दुसऱ्या पानावर होता.