14 डिसेंबरचं नॅट

अरे,

तुझा मेसेज वाचला. 14 डिसेंबरसाठी सेखोंच्या नॅट लढाऊ विमानाचं मॉडेल करायचं म्हणतोयस, खूप बरं वाटलं. पण किट घ्यायच्या आधी थांब, कारण तू ज्या डब्याचा फोटो पाठवलायस तो लाल रंगाचा, ब्रिटिश हवाई कसरतींच्या टीमचा, रेड अ‍ॅरोजचा आहे, म्हणजे ट्रेनर, शिकवायचं विमान. दोन सीटा, पंखही मोठा. आपल्या हवाई दलाने लढाईत उडवलं ते सिंगल सीटर नॅट, त्यामुळे नुसता रंग बदलून भागत नाही.

हे मी स्वतः करून बसलोय. ट्रेनरलाच कॅमोफ्लाज मारला, डिकल (पाण्यात भिजवून लावायची चित्रं) लावले, कॉलेजच्या प्रदर्शनात मांडलं. नॅटवर काम केलेले एक रिटायर्ड मेकॅनिक काका आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाळा, मागच्या सीटवर कोण होतं रे?" मला काही बोलता येईना. ते मॉडेल मी नंतर कधीच मांडलं नाही.

कारण त्या दिवशीची गोष्टच एकट्या माणसाची आहे. 1971, श्रीनगर, सहा पाकिस्तानी सेबर जेट एअरफील्डवर बॉम्ब टाकतायत आणि 18 स्क्वाड्रनचे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों हल्ला चालू असतानाच टेकऑफ करतात, लीडर घुम्मन त्यांच्या पुढेच उडालेले पण दोघांची चुकामूक होते, आणि मग हे एकटेच सेबरच्या जोडीला भिडतात, एकावर गोळ्या लागतात, दुसऱ्याचं नुकसान होतं, शेवटी संख्येपुढे त्यांचं विमान पडतं. देह मिळालाच नाही. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र ते हे.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, खुर्ची रिकामी ठेवू नकोस. बऱ्याच किटमध्ये पायलट नसतो, दुसऱ्या किटमधला घे, पाय कापावे लागले तरी काप, हेल्मेट नीट रंगव आणि कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, बंद कर. उघडी कॅनॉपी आणि आत सुंदर कॉकपिट छान दिसतं खरं, पण ते पार्क केलेलं विमान झालं. तुला त्या सकाळचं करायचंय ना? मग चाकं वर घे आणि स्टँडवर लाव. नॅटमध्ये चाकंच अर्धवट खाली सोडून एअरब्रेकचं, म्हणजे हवेत वेग कमी करायचं, काम घ्यायचे, त्यामुळे तिथली झाकणं जरा विचित्र आहेत, ग्लू लावायच्या आधी दहा वेळा नुसती बसवून बघ.

1:72 मध्ये, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं केलं तर, हे जेमतेम 12 सेंटीमीटर लांब होतं, पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत साधारण 9, तळहातावर मावेल एवढं. छोट्या मॉडेलवर पुट्टीचा जाड थर लगेच दिसतो, सँडिंग हलक्या हाताने कर. इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडांच्या, दोन बाजूंना 30 मिमीच्या तोफा आहेत, त्यांची भोकं सुईने मोकळी कर. कॅनॉपीला सुपरग्लू अजिबात नको, काच धुरकट होते, आपला साधा फेविकॉल बेस्ट. राउंडेलमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या गोल चिन्हात, केशरी बाहेर, हिरवा आत, ओल्या डिकलवर घाई करू नकोस.

कॅमोफ्लाजसाठी त्या काळचे फोटो शोध, एकावर भरवसा ठेवू नकोस, जुन्या प्रिंटचे रंग उतरलेले असतात. आणि ज्या सिरीयल नंबरची खात्री नाही तो लिहू नकोस, अंदाजाने टाकलेला नंबर म्हणजे दुसऱ्याच कोणाचं तरी विमान.

वार्निश पावसाळ्यात मारू नकोस, दमट हवेत पांढरट पडतं. गणपती झाले की कापायला बस, दिवाळीपर्यंत रंग व्हायला हवा, म्हणजे शेवटी घाई होत नाही.

बेसवर छोटं कार्ड लाव. नाव, 18 स्क्वाड्रन, श्रीनगर, 14 डिसेंबर 1971. बाकी काही नको, पाडलेल्या विमानांच्या खुणाही नकोत. पायलटला प्रायमर मारलास की फोटो पाठव, चेहऱ्याचा रंग कसा लावायचा ते तेव्हा सांगतो.

तुझा,
दादा